बायबलमधील शेती उलगडणारा अभ्यासवर्ग

नाशिकच्या शरणपूर भागात शनिवारी सायंकाळी भरणाऱ्या या सशुल्क अभ्यासवर्गात बायबलमधील कथा त्या काळच्या शेतीच्या आधारे शिकवल्या जातात. शुल्क माफक आहे, जागा मात्र अपुरी पडते.

सर्वांत सरस वाटले ते इस्राएली वीर गिदोनावरील सत्र. पीक लुटणाऱ्या मिद्यानी लोकांपासून वाचवण्यासाठी गिदोन द्राक्षकुंडात, म्हणजे द्राक्षे तुडवून रस काढायच्या कुंडात, गहू झोडत होता, हे वाक्य आपण सहसा वाचून पुढे जातो. खळे उंचावर, उघड्या जागी असते, कारण उफणणीला वारा लागतो. साहजिकच तेथील मळणी लांबूनही नजरेस पडते. द्राक्षकुंड खडकात खोदलेले, खोलगट, आणि गव्हाच्या सुगीत रिकामेच, कारण तिकडे गहू उन्हाळ्याच्या तोंडाशी निघतो आणि द्राक्षे उन्हाळा सरताना. तेथे बैलांची पात हाकायला जागा नाही. काठीने थोडेथोडे झोडायचे, एवढेच हाती उरते. गिदोनाची भीती किती खोल होती, ते यातून उमगते. रूथ या गरीब विधवेने वेचलेला सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात राहिलेली कणसे, झोडल्यावर सुमारे एफाभर, म्हणजे साधारण २२ लिटर जव निघाले, हेही मापे मांडून दाखवले. इतका सरवा एका दिवसात मिळणे हे शेतमालक बवाजाच्या औदार्याचेच लक्षण.

प्राचीन इस्राएलातील गेजेर या नगराच्या जागी १९०८ साली सापडलेल्या, इसवी सनपूर्व दहाव्या शतकातील चुनखडीच्या पाटीवर पेरणी, जवाची कापणी, द्राक्षवेलींची निगा असा वर्षभराचा क्रम कोरलेला आहे. तिकडचा पाऊस हिवाळ्यातला, हे या पाटीच्या निमित्ताने सांगितल्यामुळे खरिपाची सवय असलेल्या श्रोत्यांचा घोळ मिटला.

छाटणीवरील सत्र मात्र उरकल्यासारखे झाले. ‘मी खरा द्राक्षवेल आहे’ हे येशूचे वचन समजावताना केवळ चित्रे दाखवली गेली आणि समोर बसलेल्या दिंडोरी, पिंपळगावच्या बागायतदारांना कोणी काही विचारले नाही. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी होते, कारण येथील वेल थंडीत निद्रिस्त होत नाही. तिकडचा वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपतो आणि त्याची मुख्य छाटणी तेव्हाच होते. निष्फळ वाटणाऱ्या काड्यांतून पुन्हा फूट येण्याचा अर्थ या फरकाशिवाय नीट कळत नाही. पुढील तुकडीसाठी हे सत्र एखाद्या द्राक्षबागेत घ्यावे आणि पत्रकात गेजेरच्या महिन्यांशेजारी मराठी महिनेही छापावेत, असे आयोजकांना सुचवले आहे.