तडा गेलेल्या प्लेटवरचा कार्बन पॅच: तडा आवरला, कड उचकटली (वापरानंतरचा अनुभव)

तड्यावर चिकटवलेल्या, काही महिने बिनतक्रार चाललेल्या पॅचचा (कार्बन तंतूंच्या थरांच्या ठिगळाचा) कोपरा उचकटला आणि बसवून देणाऱ्यांशी चांगलंच वाजलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. प्लेट मशीनच्या फ्रेमची, ३ मिमी अ‍ॅल्युमिनियमची. बोल्टच्या भोकापासून तडा निघालेला. आतल्या बाजूने मशीनची सरकती गाडी (कॅरेज) अगदी जवळून जाते, त्यामुळे पॅच फक्त बाहेरून. कार्बनचे तंतू तड्याला काटकोनात, खाली काचेच्या कापडाचा एक थर (तो नसेल तर कार्बनला टेकलेलं अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात झपाट्याने गंजतं), १२० अंशांवर शिजवलेलं (तापवून घट्ट केलेलं) अ‍ॅडेसिव्ह. इथवर नेहमीचंच.

कोपरा उचकटल्यावर माझा पहिला संशय पृष्ठभागाच्या तयारीवर गेला. बहुतेक पॅच तिथेच दगा देतात: तेलाचा अंश राहिला, पाण्याचा थर अखंड पसरतो का ते पाहिलं नाही, सायलेन (अ‍ॅडेसिव्हची धातूवर पकड बसवणारं रसायन) नीट लागलं नाही. तसं झालं असतं तर खाली चकचकीत धातू दिसला असता. तो दिसला नाही. अ‍ॅडेसिव्ह प्लेटला घट्ट धरून होतं आणि त्यावर कार्बनचे काळे तंतू अडकलेले होते. म्हणजे चिकटवणाऱ्याचं काम चोख होतं, फाटला तो पॅचचाच तळाचा थर. तयारीबद्दलचं माझं मत तिथेच बदललं. राग मात्र वाढला, कारण खरं कारण डोळ्यांसमोर होतं.

पॅचचे आठही थर एकाच रेषेत कापलेले! कडेला १.६ मिमीची उभी भिंत. प्लेटमधला भार पॅचमध्ये शिरतो तो कडेच्या मोजक्या मिलिमीटरांत, आणि तड्याच्या दोन्ही काठांशी. मधला भाग त्या मानाने निवांत असतो. त्यात पॅच एकाच बाजूला, म्हणून ओढ बसली की प्लेट वाकते आणि कड सोलली जाते. कातरताण (एका थराला दुसऱ्यावरून सरकवू पाहणारी ओढ) अ‍ॅडेसिव्ह भरपूर सोसतं, सोलणं सोसत नाही, आणि कार्बनचे थर तर त्याहून नाही. म्हणून थर पायऱ्यांनी उतरवायचे असतात. १ ला २० असा उतार धरला तर ०.२ मिमीच्या प्रत्येक थराला ४ मिमीची पायरी, म्हणजे प्रत्येक टोकाला ३२ मिमी. कापड थोडं जास्त लागतं, बस्स. एवढ्यासाठी हात आखडता घेणं मला अजून पटलेलं नाही.

यावर मिळालेलं उत्तर तर कमालच: फटीत एपॉक्सी भरू, वरून आणखी थर टाकू, कडेला रिव्हेट मारू. थर वाढवले की कड आणखी उंच होते. शिवाय पॅच जितका ताठ, तितका तो आजूबाजूचा भार स्वतःकडे ओढतो आणि कडेलगतच्या प्लेटवरच ताण चढतो. पॅचचा ताठपणा प्लेटच्या बरोबरीने किंवा दीडपटीपर्यंत पुरतो. ३ मिमी अ‍ॅल्युमिनियमला १.६ मिमी कार्बन म्हणजे जवळजवळ बरोबरी, तो हिशेब त्यांचा बरोबरच होता. आणि रिव्हेट? तडा भोकापासूनच निघालाय, तिथे नवी भोकं पाडायची? त्या प्रस्तावावर मी सही केली नाही. बरीच पत्रापत्री झाल्यावर पायऱ्यांचा, गोल कोपऱ्यांचा नवा पॅच मिळाला. थर तेवढेच.

आता कौतुकाची बाजू. गाडी काढली की आतून तड्याचं टोक दिसतं आणि दर वेळी मी खूण करतो. एका बाजूच्या पॅचमध्ये उघड्या बाजूला तडा जास्त फाकतो आणि पुढे असतो, त्यामुळे दिसतं ते माप वाईटात वाईट. तरीही खुणांमधलं अंतर वाढत नाहीये. पॅच नसताना तड्याची लांबी चौपट झाली की टोकाशी ताणाची तीव्रता दुप्पट होते, म्हणून तडा वेग घेत जातो. पॅचखाली भार तड्यावरून पलीकडे नेला जातो आणि ही तीव्रता एका मर्यादेला टेकून थांबते. मेलबर्नच्या एरोनॉटिकल रिसर्च लॅबोरेटरीजमध्ये १९७०च्या दशकापासून विमानांच्या तडकलेल्या भागांवर बोरॉन तंतूंचे पॅच बसवले गेले, त्यामागचं गणित हेच. ते कागदावर वाचलं होतं, पण स्वतःच्या खुणांमध्ये दिसलं तेव्हा फार आनंद झाला. पूर्ण फ्रेम उतरवून प्लेट बदलण्याचा खर्च वाचला, तो वेगळाच.

नव्या पॅचच्या कडा मी नाण्याने ठोकून तपासतो. आवाज सगळीकडे टणक येतो, बद्द कुठेच नाही.

उरलेली तक्रार शिजवण्याची. नवा पॅचही १२० अंशांवरच शिजवला. अ‍ॅल्युमिनियम थंड होताना आकसतं, कार्बन जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे मशीन बंद असतानाही प्लेट ताणाखाली राहते आणि तडा किंचित उघडा राहतो. कमी तापमानाला जास्त वेळ शिजणारं अ‍ॅडेसिव्ह मी लेखी मागितलं होतं. हीटर जास्त तास अडकतो म्हणून त्यांनी नाही म्हटलं. पुढच्या कामाची ऑर्डर ही अट मान्य असेल तरच त्यांना देणार आहे.