लाल जर्सीवर पांढरा टिकवायचा असेल तर: लो-ब्लीड प्लास्टिसॉलचा अनुभव

गोव्यातल्या डिचोलीत माझं टी-शर्ट छपाईचं छोटं युनिट आहे. चवथीला मंडळांचे टी-शर्ट, शिगम्याला रोमटामेळाच्या पथकांचे, आणि पाऊस सरला की फुटबॉल टीमच्या जर्सी. पहिल्या दोन कामांना बहुतेक सुती कापड असतं, तिथे पांढऱ्या शाईचं फारसं अडत नाही. कस लागतो तो जर्सीवर. लाल किंवा मरून पॉलिएस्टरवर साध्या पांढऱ्याने नंबर छापला की तो गुलाबी पडायला लागतो, कधी ड्रायरमधून निघतानाच, कधी चार दिवसांनी घडी उघडल्यावर. एका टीमने दुसरीकडून छापून घेतलेल्या जर्सी मला आणून दाखवल्या. पाठीवरचा ९ चक्क सोलकढीच्या रंगाचा झाला होता. मॅच तोंडावर आलेल्या पोरांचे चेहरे बघवत नव्हते.

यात दोष कापडाच्या रंगाचा. पॉलिएस्टर डिस्पर्स डायने, म्हणजे उष्णतेने धाग्यात मुरवलेल्या रंगाने, रंगवतात. तापवलं की हा डाय वायू होऊन वर येतो आणि शाईच्या थरात शिरतो. साधा प्लास्टिसॉल, म्हणजे उष्णतेने पक्की होणारी प्लास्टिकसारखी छपाईची शाई, पक्का व्हायला साधारण १६० अंश सेल्सिअस लागतात, म्हणजे डायला वाट आपणच मोकळी करून देतो.

म्हणून जर्सीसाठी मी आता लो-कुअर (कमी तापमानाला पिकणारा, म्हणजे पक्का होणारा), लो-ब्लीड (कापडाचा डाय वर येऊ न देणारा) पांढराच वापरतो. माझ्या डब्यातली शाई साधारण १३० अंशांना पिकते. साध्या पांढऱ्यापेक्षा महाग आहे, पण ४३टी मेशवर (सेंटीमीटरला ४३ धाग्यांची छपाईची जाळी) एक हात, फ्लॅश (वरून थोडी उष्णता देऊन थर जरा सुकवणं), वर दुसरा हात, एवढ्यात लाल पूर्ण झाकला जातो. नंबरच्या कडा स्वच्छ येतात आणि कापड ताणलं तरी थर तडकत नाही.

डबा उघडल्यावर शाई लोण्यापेक्षा घट्ट लागते. घाबरून रिड्यूसर (शाई पातळ करायचं द्रव) ओतू नका, स्पॅच्युलाने खालपासून नीट ढवळा. ढवळलं की ती आपसूक सैल होते. रिड्यूसर जास्त झाला तर झाकण्याची ताकद जाते आणि थर नीट पिकतही नाही.

मिश्रणाबाबत मात्र मी फार कडक आहे. टीमला क्रीम किंवा फिकट पिवळा हवा असतो, आणि शेल्फवरचा साधा पिवळा प्लास्टिसॉल या पांढऱ्यात घालायचा मोह होतो. तो टाळा. साधी शाई मिसळली की पिकायचं तापमान वर जातं आणि डाय अडवायची ताकद कमी होते. खाली निव्वळ लो-ब्लीड पांढरा, वर त्याच सिरीजचा रंग, हाच खात्रीचा मार्ग. रंग ग्रॅमच्या काट्यावर मोजा आणि प्रमाण डब्याच्या झाकणावर लिहा. डोळ्यांच्या अंदाजाने केलेली शेड सबस्टिट्यूट खेळाडूंच्या जर्सी मागाहून आल्या की जुळत नाही.

सब्लिमेशन छपाईच्या (उष्णतेने डाय वायू करून कापडात उतरवलेल्या) कॅमुफ्लाज जर्सीवर हा पांढरासुद्धा एकटा पुरत नाही. तिथे खाली करड्या ब्लॉकरचा, म्हणजे डाय अडवणाऱ्या शाईचा, थर लागतोच, आणि त्याचे पैसे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. छापलेला माल गरम असताना एकावर एक रचू नका. गठ्ठ्यात उष्णता कोंडते आणि डाय पुन्हा वर चढतो. आम्ही जर्सी आधी पंख्याखाली पसरतो, हाताला थंड लागल्या की मगच घडी.

सुती टी-शर्टसाठी हा डबा घेऊ नका. तिथे साधा पांढरा चांगला चालतो, पैसेही वाचतात.