आईच्या जबड्यात हाड भरून इम्प्लांट: रामदासपेठेतल्या क्लिनिकचा अनुभव

आईची खालची दाढ काढून बरीच वर्षं झाली होती. दाढ गेली की तिथलं हाड झिजत जातं, आणि सगळ्यात जास्त पहिल्याच वर्षात, हे तेव्हा काढणाऱ्याने सांगितलंच नव्हतं. आता सीबीसीटी स्कॅनमध्ये (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) दिसलं की हाड इतकं अरुंद झालंय की इम्प्लांटचा, म्हणजे नवीन दात ज्याच्यावर बसवतात तो, स्क्रू बसणारच नाही.

आधी जिथे गेलो तिथे हाड कशाचं भरणार विचारलं तर म्हणे इम्पोर्टेड आहे, टेन्शन नका घेऊ. आई माळकरी आहे हो, तिला टेन्शन येणारच ना! मग ओळखीतून रामदासपेठेतल्या या क्लिनिकात आलो आणि इथल्या डॉक्टर मॅडमनी न विचारताच सगळं सांगितलं, की काकू, बाजारात मिळणारी बरीच पावडर गायीच्या हाडाची असते, सिंथेटिक पण असते, तुमचंच हाड हनुवटीतून घेता येतं पण मग तिथे दुसरी जखम होते, आणि चौथं म्हणजे दान केलेलं माणसाचं हाड. हे मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या टिश्यू बँकेतून मागवतात, ती बँक १९८८ पासून चालू आहे. दात्याची एचआयव्ही, कावीळ वगैरे तपासणी होते, हाडातली चरबी आणि पेशी धुऊन काढतात, सुकवतात आणि गामा किरणांनी निर्जंतुक करतात. रक्तगट जुळवायची भानगड नाही. ते हाड नुसता आधार देतं, त्याच्यावर आपलं स्वतःचं हाड हळूहळू तयार होतं. आई म्हणाली, म्हणजे नेत्रदानासारखंच ना, मग चालते मला.

त्या दिवशी सीलबंद बाटली आधी आमच्या हातात दिली, आत जाडसर रव्यासारखे पांढरे दाणे, आणि बॅच नंबरचा स्टिकर आईच्या फाईलीत चिकटवला. मला हे फार म्हणजे फार आवडलं. वरून झाकायचा पडदासुद्धा बऱ्याचदा गायीच्या नाहीतर डुकराच्या कोलॅजेनचा असतो, हे तर आम्हाला माहितीच नव्हतं, इथे मात्र आईच्याच दंडातून रक्त काढून, मशीनमध्ये फिरवून, त्यातली पिवळसर जेली दाबून पडदा बनवला आणि मग टाके घातले.

सूज दोन-तीन दिवस होती, गाल चांगलाच फुगला होता, पातळ खिचडीवर भागवलं. नंतर पाच-सहा महिने थांबावंच लागते, घाई करून उपयोग नाही. दुसऱ्या स्कॅनमध्ये हाड भरलेलं स्पष्ट दिसलं आणि स्क्रू घट्ट बसला.

अजून एक, इथे खर्रा (तंबाखू-सुपारी) खाणाऱ्याला तो सोडल्याशिवाय तारीखच देत नाहीत, आमच्यासमोर एका भाऊंना परत पाठवलं. तंबाखूने ग्राफ्ट, म्हणजे भरलेलं हाड, वाया जाऊ शकतो, त्यामुळे मला तर हे बरोबरच वाटलं.

एकच तक्रार आहे, ग्राफ्टचे पैसे इम्प्लांटच्या पहिल्या कोटेशनमध्ये धरलेले नव्हते, मागून वेगळे सांगितले. ते आधीच लिहून मागा. आणि संध्याकाळची अपॉइंटमेंट नका घेऊ, लई वेळ बसवतात, सकाळी जा.