टायमिंग बेल्ट तुटला म्हणजे गाडी भंगार झाली, असं सांगणाऱ्यापासून सावध राहा

जुन्या गाडीचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या भागांची वेळ जुळवणारा रबरी पट्टा, वाटेत तुटला की मालक पुरता हवालदिल होतो आणि हायवेलगतचे काही गॅरेजवाले नेमकी तीच वेळ साधतात. अशाच एका गॅरेजवाल्याने माझ्या बाबांना फसवलं. दुरुस्त होण्यासारखी गाडी 22 हजारांत भंगार म्हणून काढून घेतली, काम करून लाखाच्या वर विकली आणि कागदोपत्री मालक मात्र बाबाच राहिले. हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण ज्या सफाईने हे झालं त्यावरून त्या माणसाचा हात यात बसलेला आहे, हे उघड दिसतं. तो पुढच्या गिऱ्हाइकालाही हेच सांगणार.

गाडी 2009 ची सँट्रो झिंग, पेट्रोल. बाबांनी जिवापाड सांभाळलेली. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत नेऊन तपासणी करून घेतली, 5,000 रुपये फी आणि वर पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी रीतसर पुन्हा नोंदणी केली. म्हणजे कागद चोख होते.

आई-बाबा पुण्याहून साताऱ्याला निघाले होते. खंबाटकी घाट चढताना गाडी चालता चालता बंद पडली. धूर नाही, दणका नाही, तापमानाचा काटाही जागेवर. सेल मारला की इंजिन नेहमीपेक्षा हलकं, सुर्रकन फिरायचं, पण पेट घ्यायचं नाही. पट्टा तुटल्याची ही अगदी नेहमीची खूण. पट्टा तुटला की सिलिंडरमध्ये दाबच तयार होत नाही, म्हणून सेलला जोर लागत नाही आणि आवाज बदलतो. खात्री करायची तर ऑइल भरायचं झाकण काढून आत पाहत कुणाला तरी क्षणभर सेल मारायला सांगायचं. आतले रॉकर, म्हणजे झडपा दाबणारे छोटे दांडे, जागचे हलले नाहीत, तर पट्टा गेला. मात्र पट्ट्याची शंका आल्यावर पुन्हा पुन्हा सेल मारू नका, आतलं नुकसान वाढतं.

हे नुकसान होतं कसं, ते समजून घेतलं पाहिजे, कारण फसवणूक तिथेच होते. खाली क्रँकशाफ्ट पिस्टन वरखाली करते, वर कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडते-मिटते आणि दोघींची वेळ जुळवून ठेवतो तो हा दातेरी रबरी पट्टा. तो तुटला की कॅमशाफ्ट आहे तिथे थांबते, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि अजून फिरत असलेले पिस्टन येऊन त्यांवर आपटतात. सँट्रोसारख्या इंजिनात मग व्हॉल्व्ह वाकतात. सगळ्याच इंजिनांत असं होत नाही. काहींत पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात पुरेशी जागा राखलेली असते, तिथे नवा पट्टा टाकला की गाडी सुरू होते. व्हॉल्व्ह वाकले असतील तर हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवून लेथवाल्याकडे न्यावं लागतं. तिथे व्हॉल्व्ह बदलतात, सीट घासून बसवतात, हेडचं फेसिंग करतात. मग नवं गास्केट, पट्टा आणि पट्टा ताणून ठेवणारा टेन्शनर. काम खर्चिक आहे, पण खालचा ब्लॉक आणि क्रँक सहसा शाबूत असतात. क्वचित व्हॉल्व्हचं डोकं तुटून आत पडतं आणि पिस्टन फुटतो, तेव्हा मात्र खर्च खरंच आवाक्याबाहेर जातो. साधा पट्टा, वाकलेले व्हॉल्व्ह की फुटलेला पिस्टन, हे बाहेर उभ्या असलेल्या मालकाला दिसत नाही. गॅरेजवाला सांगेल तेच खरं मानावं लागतं.

घाटात क्रेनवाला मिळाला. त्यानेच "आपल्या ओळखीचं गॅरेज" सुचवलं आणि गाडी तिथे नेऊन सोडली. क्रेनवाल्याला त्यात वाटा असतो, हे आम्हाला नंतर साताऱ्याच्या मेकॅनिककडून कळलं. गॅरेजवाला बोलायला अगदी गोड. "काका, काकूंना घेऊन तुम्ही एसटीने घरी जा, उन्हातान्हात कशाला थांबता, मी उघडून बघतो आणि फोन करतो." फोन आला तो दुसऱ्या दिवशी. "काका, इंजिन गेलं. व्हॉल्व्ह गेले, पिस्टन फुटले, ब्लॉकला तडा आहे. 85 हजारांच्या खाली होणार नाही. तुमच्या गाडीला आज तेवढी किंमत तरी आहे का?" पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आले. उतरवलेलं हेड, काळंकुट्ट, आणि शेजारी माथा फुटलेला पिस्टन. बाबांनी चारचौघांना विचारून सांगतो म्हटल्यावर त्याचा सूर बदलला. जागा अडते, रोजचे 300 रुपये पडतील. हेड उतरवायची मजुरी वेगळी, क्रेनचे पैसेही त्यानेच दिलेत. आणि पंधरा वर्षं झालेली गाडी सरकार आता रस्त्यावर येऊच देत नाही.

हे शेवटचं धादांत खोटं आहे. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची बंदी दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरती होती. महाराष्ट्रात खासगी गाडी तपासणीत पास झाली की पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी मिळते आणि बाबांच्या हातात तसा कागद होता. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला फोनवरून रोज कुणी तरी घाबरवत असेल, तर तो कागद काय कामाचा? शेवटी त्यानेच "भंगारवाला" आणला, 22 हजार रोख दिले, आरसी बुक घेतलं आणि गाडीची मालकी बदलण्याच्या कोऱ्या फॉर्म 29 आणि फॉर्म 30 वर सह्या घेतल्या. "आरटीओचं सगळं मी बघतो, काका."

काही महिन्यांनी बाबांच्या मोबाईलवर ई-चलनाचा मेसेज आला. सोलापूर रस्त्यावर टेंभुर्णीजवळ वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल. चलनासोबत फोटो असतो, तो मी उघडला. तीच चंदेरी सँट्रो, मागच्या काचेवर आईने लावलेलं स्वामी समर्थांचं स्टिकर, बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर गेटला घासल्याचा तोच पोचा. ब्लॉकला तडा गेलेली गाडी वेगमर्यादा ओलांडून धावत होती.

मग मी ते जुने फोटो साताऱ्यातल्या एका वयस्क मेकॅनिकला दाखवले. त्यांनी मोबाईल हातात घेतला, फोटो मोठा केला, बोट ठेवून मोजलं आणि म्हणाले, "हे हेड सँट्रोचं नाहीच." या सँट्रोचं इंजिन 1086 सीसीचं, चार सिलिंडर आणि बारा व्हॉल्व्ह, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला तीन. फोटोतल्या हेडवर प्रत्येक सिलिंडरला दोनच, एकूण आठ. कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचं हेड आणि पिस्टन त्याने फोटोपुरते मांडून ठेवले होते. बाबांना फोटो पाठवायच्या वेळेपर्यंत आमच्या गाडीचं हेड त्याने उतरवलंही नसेल. व्हॉल्व्ह वाकलेत असं धरून पूर्ण कामाचा अंदाज त्यांनी सांगितला, तो पंचवीस हजारांच्या आत होता.

गाडी ज्याच्याकडे होती त्या मुलाचा पत्ता पोलिसांच्या मदतीने लागला. पंढरपूर भागातला, पहिलीच गाडी घेतलेला. त्याने 1 लाख 10 हजार मोजले होते आणि "ट्रान्स्फर होतंय, काळजी करू नका" हे तोही तेव्हापासून ऐकत होता. गाडीचा विमा संपलेला होता आणि त्याला त्याची कल्पनाही नव्हती. मला त्याचा राग आला नाही, त्याचीही तीच गत झाली होती. पण तेवढ्यात एखादा अपघात झाला असता तर? 2018 च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक. गाडी प्रत्यक्षात दुसऱ्याला दिलेली असली तरी भरपाईची जबाबदारी त्याची सुटत नाही. विम्याशिवायच्या गाडीखाली कुणी सापडलं असतं, तर बाबांच्या पेन्शनवर आणि घरावर गदा आली असती. 22 हजारांच्या व्यवहारात त्या माणसाने एवढा मोठा धोका माझ्या आई-बाबांच्या डोक्यावर ठेवला, याची मला अजूनही सगळ्यात जास्त चीड येते.

म्हणून कळकळीने सांगते. गाडी वाटेत बंद पडली तर क्रेनवाला सुचवेल तिथे नेऊ नका. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलेलं असेल तर त्या नंबरवर फोन करा, नाहीतर चार पैसे जास्त गेले तरी ओळखीच्या मेकॅनिककडे किंवा आपल्या गावात गाडी आणा. हेड उतरवताना स्वतः हजर राहा किंवा कुणाला तरी उभं करा. ते जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर आधी नंबरप्लेट, मग इंजिन, मग उघडलेला भाग असं सलग, कॅमेरा बंद न करता दाखवायला लावा. सुटे फोटो मानूच नका. हेड उतरवण्याआधीही अंदाज घेता येतो. नवा पट्टा खुणा जुळवून चढवायचा, इंजिन हाताने अलगद फिरवायचं, कुठे अडलं तर जोर करायचा नाही, आणि मग प्रत्येक सिलिंडरचं कंप्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजायचं. स्पार्क प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घालून पिस्टनचा माथाही पाहता येतो. हे करायला जो का-कू करतो, त्याच्याकडून गाडी हलवा.

काम केल्यावर जुने व्हॉल्व्ह, जुना पट्टा आणि टेन्शनर परत मागा. पट्टा एकटा बदलू नका. टेन्शनरचं बेअरिंग जुनंच ठेवलं तर ते जाम होऊन नवा पट्टाही खातं. ज्या इंजिनात वॉटर पंप याच पट्ट्यावर फिरतो, तिथे तोही लगेच बदलावा. कॅम किंवा क्रँकच्या सीलमधून ऑइल गळत असेल तर सील आधी, कारण ऑइलने रबर सडतं. आणि आपल्या गाडीत पट्टा आहे की चेन, हे मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. जुनी मारुती 800, इंडिका डिझेल, डस्टर डिझेल यांत पट्टा असतो. स्विफ्ट डिझेलमध्ये चेन असते, तरी आमच्या शेजाऱ्यांच्या स्विफ्ट डिझेलला एका गॅरेजने "टायमिंग बेल्ट बदलला" म्हणून बिल लावलं होतं. मॅन्युअलमध्ये पट्ट्याचे किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी संपेल ते धरायचं. कमी चालणाऱ्या जुन्या गाड्यांचे पट्टे किलोमीटर न भरताच वयाने जातात.

गाडी खरोखरच मोडीत काढायची वेळ आली, तर 2021 च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. ते सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट देतात आणि गाडीची नोंदणी रद्द होते. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला आरसी आणि सह्या देऊ नका.

बाबांच्या बाजूने आम्ही गाडी त्या मुलाच्या नावावर करून दिली, त्याने नवा विमा काढला. गॅरेजवाल्यावर पोलिसांत फसवणुकीची, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली तक्रार दिली आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात वेगळा अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकील नसला तरी चालतो, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं. व्हॉट्सअ‍ॅपचे ते फोटो, कॉलची नोंद आणि चलनावरचा फोटो हे आमचे मुख्य पुरावे आहेत, त्यामुळे कुणी असं बोलायला लागला की काहीही डिलीट करू नका.

ज्यांनी गाडी आधीच अशा कुणाला देऊन टाकली आहे, त्यांनी परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर आपला गाडी नंबर टाकून मालकाचं नाव आणि विम्याची तारीख बघा, थकीत चलनंही बघा. गाडी विकली की विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि फॉर्म 29 हीच ती सूचना आहे. मुदत उलटली असली तरी ती भरून द्या, सोबत गाडी कुणाला, कधी, किती रुपयांना दिली याचं पत्र जोडा आणि त्यावर आवक शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय तिथून निघू नका.