पहिला डीएसएलआर: नवा धाकटा की वापरलेला थोरला?

पहिला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा, घ्यायचं ठरलं की माणूस आधी कॅनन की निकॉन या वादात महिनाभर घालवतो. मीही घालवला. हाती काही लागलं नाही, कारण खरी निवड वेगळीच होती. साधारण सारख्याच पैशांत दोन कॅमेरे येत होते. एक खोक्यातला नवा, पण कंपनीच्या यादीत सगळ्यात खालचा. दुसरा एक-दोन पायऱ्या वरचा, पण कुणीतरी तीन-चार वर्षं वापरलेला. पहिल्याला मी धाकटा म्हणतो, दुसऱ्याला थोरला. मी आधी धाकटा घेतला आणि दोन वर्षांनी थोरला. तेव्हा मी अगदीच तटस्थ आहे असं समजून पुढे वाचू नका.

नावं हवीत तर निकॉनमध्ये डी३५०० हा धाकटा आणि डी७२०० हा थोरला. कॅननमध्ये १५००डी आणि ८०डी. या चौघांचेही सेन्सर (उजेड टिपणारी आतली चकती) एपीएस-सी आकाराचे, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीहून लहान, आणि २४ मेगापिक्सेलचे आहेत. म्हणून 'फोटो कुणाचे चांगले येतात' हा प्रश्न आधीच बाजूला ठेवतो. तीच लेन्स, तोच उजेड आणि तोच माणूस असेल, तर कोणता फोटो कशातून निघाला हे निदान मला तरी ओळखता येत नाही. थोरला घेतल्यावर फोटो एकदम सुधारतील या आशेवर असाल तर तो पैसा लेन्सवर घाला. साधी ५० मिलिमीटरची एफ १.८, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी, लेन्स तुमचे फोटो जेवढे बदलेल तेवढे कुठलीही बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) बदलणार नाही. फक्त एपीएस-सी बॉडीवर ती ७५-८० मिलिमीटरसारखी वागते, म्हणजे चित्रात कमी भाग मावतो, हे ध्यानात ठेवा. माणसांच्या चेहऱ्यांना उत्तम, पण छोट्या खोलीत पाठ भिंतीला टेकते.

आता धाकट्याचं जे चांगलं आहे ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढे राहून जाईल. तो हलका आहे, आणि हे कौतुक तोंडदेखलं नाही. बॅटरी आणि कार्डासकट डी३५०० चं वजन ४१५ ग्रॅम, डी७२०० चं ७६५. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण संध्याकाळी मानेला विचारा. कॅमेरा जड म्हणून घरी राहिला तर त्याच्या सगळ्या सोयी कपाटात राहिल्या. बॅटरीतही धाकटा पुढे आहे. प्रमाणित चाचणीत डी३५०० एका चार्जवर १,५५० फोटो काढतो, डी७२०० १,११०. शिवाय नव्या कॅमेऱ्याला वॉरंटी असते आणि त्याच्या आधीच्या मालकाची काळजी नसते. मोठी, जड लेन्स लावली की मात्र धाकट्याचं नाकापेक्षा मोती जड होतं. कॅमेरा पुढे झुकतो आणि करंगळीला धरायला जागाच उरत नाही.

व्ह्यूफाइंडरबद्दल, म्हणजे डोळा लावून पाहायच्या भागाबद्दल, दोन शब्द. धाकट्यांमध्ये पेंटामिरर असतो, म्हणजे काचेच्या अखंड लोलकाऐवजी आरशांची जोडणी. ती हलकी आणि स्वस्त पडते, पण चित्र लहान आणि जरा अंधारं दिसतं. शिवाय फ्रेमचा साधारण ९५ टक्केच भाग दिसतो. उरलेल्या पाच टक्क्यांत काय शिरलं ते घरी आल्यावर कळतं. माझ्या बाबतीत बहुधा एखादी फांदी किंवा कुणाचं तरी कोपर. थोरल्यांमध्ये पेंटाप्रिझम असतो आणि पूर्ण १०० टक्के दिसतं. दोन्हींना एकामागून एक डोळा लावून पाहा. बोळातून पाहणं आणि खिडकीतून पाहणं यात जो फरक असतो, तोच इथे आहे. तरीही एवढ्यावरून मी कॅमेरा बदलला नसता. डोळ्याला सवय होते.

सवय झाली नाही ती एका बटणाची.

धाकट्याला फिरवायला एकच डायल असते. अॅपर्चर प्रायॉरिटीत (लेन्समधलं उजेडाचं भोक, म्हणजे अॅपर्चर, आपण ठरवायचं आणि बाकीचं कॅमेऱ्याने) ती अॅपर्चर बदलते, तिथवर सगळं ठीक. पण फोटो थोडा उजळ किंवा गडद हवा असेल, म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन द्यायचं असेल, तर प्लस-मायनसचं एक बटण दाबून धरायचं आणि तीच डायल फिरवायची. पूर्ण मॅन्युअलमध्ये गेलात की अॅपर्चरसाठीही तेच बटण, तोच खटाटोप. माझ्या कॅमेऱ्यावर हे बटण शटरच्या बटणाच्या अगदी मागे होतं. ते दाबायचं तर्जनीने, म्हणजे जे बोट शटरवर तयार असायला हवं त्याच बोटाने. अंगठा डायलवर, तर्जनी बटणावर, आणि शटर बेवारस.

वाचताना ही कुरकुर वाटेल. मलाही पहिले सहा महिने तशीच वाटत होती. दुकानात कॅमेरा हातात घेतल्यावर कोणी कॉम्पेन्सेशन देऊन पाहत नाही. कॅमेरा जसं दाखवतो तसंच आपण काढत राहतो आणि खूशही असतो. मग हळूहळू कळू लागतं की कॅमेऱ्याचं मीटर भाबडं आहे. समोर जे असेल त्याला तो मधल्या करड्या रंगाकडे ओढतो. पांढरी भिंत मळकट येते, उजेडाकडे पाठ करून उभ्या माणसाचा चेहरा काळवंडतो. एकदा हे दिसायला लागलं की कॉम्पेन्सेशन दर चार फोटोंमागे लागतं. आणि दर वेळी ते बटण.

माझ्यापुरता निकाल लागला तो भाचीमुळे. ती तेव्हा पाच वर्षांची होती. अंधाऱ्या खोलीतून उघड्या दारात धावत यायची, उंबऱ्यावर क्षणभर थांबून मागे वळून हसायची आणि बाहेर पळायची. हा खेळ ती दहा-बारा वेळा खेळली. मागे भगभगीत ऊन, पुढे तिचा चेहरा. सव्वा-दीड स्टॉप वर द्यायला हवं होतं (एक स्टॉप वर म्हणजे दुप्पट उजेड). ती आत असताना शून्य आणि दारात आली की दीड, असं मी दर वेळी करू पाहत होतो. बटण दाबायचं, डायल तीन-चार खटके फिरवायची, बोट परत शटरवर आणायचं. मी काही स्टॉपवॉच लावलं नव्हतं, पण त्यात सेकंद-दीड सेकंद नक्की जात असावा. तिचं हसू तेवढं थांबत नव्हतं. बाराही फेऱ्यांतून माझ्याकडे उरली ती दाराची सुंदर चौकट आणि तिच्यात बारा वेळा पाठमोरी मुलगी.

रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा आणि मग संगणकावर उजळ करा, असं सांगणारे भेटतील. त्यांचं चूक नाही. आजचे सेन्सर सावलीतून बरंच काही परत आणतात, आणि त्या दिवशी मी एकाच मापावर ठरवून राहिलो असतो तर दोन-तीन फोटो मिळालेही असते. ज्याचं बोट त्या बटणावर बसून गेलं आहे असाही कुणी असेल. माझं बसलं नाही, एवढंच.

थोरल्याला डायली दोन असतात. एक अॅपर्चरला, दुसरी थेट कॉम्पेन्सेशनला. कॅननच्या ८०डी वर मागचं मोठं चाक अंगठ्याने फिरवलं की झालं. निकॉनच्या डी७२०० मध्ये मेनूत एकदा 'इझी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन' चालू करावं लागतं, पुढे त्याचा विचारही करावा लागत नाही. माझं मधलं बोट पुढच्या डायलवर असतं, तर्जनी शटरवरून उठत नाही आणि डोळा व्ह्यूफाइंडरवरून हलत नाही. थोरल्याला डोक्यावर छोटा स्क्रीनही असतो, फोकसचे बिंदू जास्त असतात (डी७२०० ला ५१, डी३५०० ला ११), आणि बॉडीला धूळ-तुषारांपासून थोडंफार संरक्षण असतं. ते सगळं छानच आहे. पण हे काहीही नसतं आणि फक्त ती दुसरी डायल असती, तरी मी बदललाच असता.

निकॉनकडे कल असेल तर आणखी एक गोष्ट पाहून घ्या, कारण ती पुढे खिशाला लागते. निकॉनचा एफ माउंट (लेन्स बॉडीला जोडायची कडी) १९५९ पासूनचा. 'जुन्या सगळ्या लेन्स बसतात' असं कुणीतरी सांगतं आणि आपण हुरळतो. पण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं. जुन्या ऑटोफोकस लेन्सना स्वतःची मोटर नसते, त्यांना बॉडीतली मोटर फिरवते. डी३५०० मध्ये ती मोटरच नाही, त्यामुळे अशा लेन्सवर फोकस हाताने करावा लागतो. डी७२०० मध्ये ती आहे, म्हणजे वापरलेल्या स्वस्त लेन्सचा मोठा बाजार तुम्हाला खुला होतो. गंमत अशी की १९७७ च्या आधीच्या, न सुधारलेल्या लेन्सच्या बाबतीत उलट आहे. त्या धाकट्यावर निर्धास्त बसतात, पण थोरल्याच्या माउंटजवळचा नाजूक खटका मोडू शकतात. कॅननवाल्यांना ही भानगड नाही. १९८७ मध्ये ईएफ माउंट आला तेव्हापासून मोटर लेन्समध्येच आहे.

मिररलेसचं, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचं, काय, हे कुणीतरी विचारणारच. कॅनन आणि निकॉन दोघांनीही आपला नव्या बॉडींचा संसार आता तिकडे हलवला आहे आणि २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. पेंटॅक्सने तेवढा हट्ट सोडलेला नाही. पैशांची अडचण नसेल तर मिररलेस जरूर पाहा. पण या स्थलांतराचा एक फायदा आपल्यासारख्यांना होतो. जे तिकडे गेले त्यांचे थोरले बाजारात आले, आणि त्यातले बरेच हळव्या हौशी लोकांनी जपून वापरलेले आहेत.

सगळेच नाहीत, म्हणून वापरलेला घेताना घाई नको. माझ्या पहिल्या सौद्यात बॉडी निर्मळ निघाली, पण सोबतच्या लेन्समध्ये बुरशी होती. कोळ्याच्या जाळ्यासारखी, अगदी कडेला. दिवसाच्या उजेडात ती दिसलीच नव्हती. तेव्हापासून मी टॉर्च घेऊन जातो. अॅपर्चर पूर्ण उघडून एका बाजूने उजेड टाकायचा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं पाहायचं. सेन्सरसाठी एफ १६ वर (अॅपर्चर बारीक करून) पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो काढून मोठा करून पाहा. काळे ठिपके म्हणजे धूळ, ती साफ होते. ओरखडा असेल तर उठून निघून या. शटर (फोटो काढताना क्षणभर उघडणारा आतला पडदा) किती वेळा उडालं तो आकडा निकॉनमध्ये फोटोच्या फाइलमध्येच मिळतो. कॅननमध्ये बहुधा तो तसा मिळत नाही, कॅमेरा संगणकाला जोडून वेगळं सॉफ्टवेअर लावावं लागतं. डी७२०० चं शटर दीड लाख वेळांसाठी तपासलेलं आहे. तीस-चाळीस हजार वेळा शटर उडालेला मिळाला तर मी आकड्याचा फार विचार करणार नाही. फ्लॅश बसवायच्या खाचेतला रंग किती घासला आहे आणि पकडीचं रबर सुटलं आहे का, यावरून कॅमेरा कसा वापरला गेला ते मालकाच्या बोलण्यापेक्षा जास्त कळतं.

एवढी पारख करायची नसेल, किंवा सोबत पाहायला येणारं जाणतं माणूस नसेल, तर धाकटा घेण्यात कमीपणा काहीच नाही. प्रवास जास्त असेल, कॅमेरा घरात चौघांच्या हाती जाणार असेल, किंवा मॅन्युअलच्या वाटेला जायचंच नसेल, तर उलट तोच घ्या. त्या बटणाशी तुमची गाठ कदाचित कधी पडणारही नाही. पण मेनू चाळायची खोड असेल, 'हे असं काळं का आलं?' हा प्रश्न आत्ताच मोबाइलच्या फोटोंवरही पडत असेल, तर थोरला शोधा. दोन महिने थांबावं लागलं तरी चालेल. आणि निवडताना एक करून पाहा. कॅमेरा डोळ्याला लावा, तर्जनी शटरवर ठेवा आणि ती न उचलता फोटो एक स्टॉप उजळ करता येतो का ते बघा.

माझा धाकटा आता त्या भाचीकडे आहे. ती बारा वर्षांची झाली आहे आणि सगळे फोटो ऑटोवर काढते. परवा तिने उंबऱ्यावर बसलेल्या मांजराचा एक फोटो दाखवला. मागे झगझगीत ऊन, मांजर नुसतंच काळं. मी म्हटलं, "अगं, ते प्लस-मायनसचं बटण आहे ना, ते दाबून धरून..."

"मामा," ती म्हणाली, "मांजर काळंच आहे."