लिलीची फुलं संपली, आता कंद काढून ठेवू की कुंडीतच राहू देऊ?

कुंडीतल्या लिलीचा बहर संपला की पुढे दोन रस्ते असतात. एकतर झाड वाळल्यावर कंद उकरून काढायचा, पिशवीत ओलसर कोकोपीटमध्ये (म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात) ठेवून फ्रीजमध्ये टाकायचा, नाहीतर कंदाला हातच लावायचा नाही, आहे त्या कुंडीत पडून राहू द्यायचं. मी दोन्ही केलंय आणि दोन्हीतून पुढच्या वर्षी फुलं आलीत, त्यामुळे एक बरोबर आणि दुसरं चूक असं म्हणणार नाही. आणि हे सगळं एशियाटिक, ओरिएंटल, ईस्टर लिली अशा खवल्यांचा कंद असणाऱ्या लिलींबद्दल चाललंय, पीस लिली किंवा रेन लिलीचं गणित वेगळं.

पानं पिवळी पडेपर्यंतचं काम दोन्हीकडे सेमच. सुकलेली फुलं बोंडासकट काढायची म्हणजे झाडाची ताकद बी धरण्यात जात नाही, पण दांडा आणि पानं हिरवी आहेत तोवर अजिबात कापायची नाहीत, कारण पुढच्या वर्षीची फुलं याच पानांच्या जिवावर येणार असतात. खरं सांगायचं तर इथे जे सांभाळलं जातं त्याच्यापुढे नंतर कंद कुठे ठेवला याला कमी महत्त्व आहे. ऊन द्या, पाणी द्या, पोटॅश जास्त असलेलं खत थोडे आठवडे चालू ठेवा. घरात मांजर असेल तर कापलेली फुलं-पानं लगेच उचलून टाका, लिलीचा प्रत्येक भाग, अगदी परागसुद्धा, मांजरीच्या किडनीसाठी जीवघेणा आहे.

आता कंद काढण्याच्या बाजूने बोलायचं तर फायदे खरे आहेत. कंद हातात आला की तळाशी कुज लागलीय का ते डोळ्यांनी दिसतं. दांड्याच्या मातीखालच्या भागाला जे बारके कंद लागलेले असतात ते सुटे करून वेगळे लावता येतात. कुंडी दुसऱ्या झाडाला मोकळी होते. आणि मोठी गोष्ट म्हणजे थंडी तुमच्या हातात राहते. लिलीला नीट फुलायला साधारण 6 ते 8 आठवडे 2 ते 7 अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी लागते, ती बाहेर मिळत नसेल तर फ्रीजमध्ये हमखास मिळते.

पण मला वैताग आणला तो पिशवीतल्या ओलाव्याने. लिलीच्या कंदाला कांद्यासारखी वरची कागदी साल नसते, नुसते मांसल खवले एकमेकांवर बसलेले, सगळे उघडे. त्यामुळे तो कोरडा ठेवून चालत नाही, आणि ओला ठेवला की बुरशी. कोकोपीट मुठीत दाबल्यावर थेंब गळू नये पण हाताला गार लागावं इतपतच ओलं हवं असं सगळे सांगतात, मीही तसंच करायचो, तरी पिशवी उघडली की एकतर आतून प्लास्टिकला पाण्याचे बारीक थेंब आणि एखाद्या खवल्याच्या टोकाला निळसर हिरवी बुरशी, नाहीतर कोकोपीट भुसभुशीत कोरडं आणि बाहेरचे खवले मऊ पडून सुरकुतलेले. मग तो खवला खुडा, कोकोपीट बदला, पिशवीला भोकं पाडा, पुढच्या आठवड्यात परत बघा. हा ओलावा कधी मनासारखा बसलाच नाही. त्यात त्याच फ्रीजमध्ये सफरचंद किंवा कुठलंही पिकणारं फळ असेल तर त्यातून निघणाऱ्या इथिलीन गॅसने आतला कोंब खराब होऊ शकतो, म्हणजे फळांवरही लक्ष ठेवायचं. आणि उकरताना कितीही जपा, तळाच्या जाड मुळ्या थोड्या तरी तुटतातच. त्या मुळ्या दांड्याबरोबर मरत नाहीत, झाड वाळल्यावरही जिवंत असतात, त्या गेल्या की कंदाला पुन्हा जम बसवायला वेळ लागतो. माझ्याकडे काढून लावलेल्या कंदांचे दांडे त्या वर्षी जरा बारीकच आले, आता हे मोजूनमापून सांगत नाहीये, शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं ते सांगतोय.

कुंडीत राहू दिलं तर हा ओलाव्याचा प्रश्न माती स्वतःच बऱ्यापैकी सांभाळते. पानं पिवळी पडायला लागली की पाणी कमी करत जायचं, दांडा पूर्ण वाळला की बोटभर ठेवून कापायचा, तो उरलेला तुकडा म्हणजे कंद कुठे आहे त्याची खूण. मग कुंडी गार, सावलीच्या जागी, पावसाचं पाणी थेट पडणार नाही अशी. माती वरून दोन बोटं कोरडी वाटली की अगदी थोडं पाणी, बास. कुंडीखालची ताटली मात्र काढून टाका, विश्रांतीतल्या कंदाला साचलेल्या पाण्याइतकं वाईट काही नाही आणि तो आत सडतोय हे वरून कळतही नाही. या पद्धतीची खरी कमजोरी हीच, आत काय चाललंय ते दिसत नाही. त्यामुळे निचरा चांगला असेल, मातीत पर्लाईट (निचऱ्यासाठी मिसळतात ते हलके पांढरे खडे) किंवा जाड वाळू असेल तरच हा रस्ता धरावा असं मला वाटतं.

तुमच्याकडे हिवाळा नावापुरताच असेल तर मात्र फ्रीजला पर्याय नाही, कुंडीत ठेवलेला कंद कदाचित नुसती पानंच देईल. तिथेही, कुंडी छोटी असेल आणि जागा असेल तर अख्खी कुंडीच फ्रीजमध्ये ठेवून बघा, कंद मातीतच राहतो आणि पिशवीची कटकट वाचते. उलट जिथे कडाक्याची थंडी पडते तिथे छोटी कुंडी आरपार गोठते, जमिनीतल्या कंदाला तेवढा धोका नसतो, म्हणून अशा ठिकाणी कुंडी गॅरेजसारख्या गार पण न गोठणाऱ्या जागी हलवा. तळ कुजल्याचा संशय असेल किंवा कुंडीत कंदांची गर्दी झाली असेल तर काढाच, तेव्हा काढण्यावाचून इलाज नाही.

बाकी सगळ्यांना मी कुंडीतच ठेवा म्हणेन, आणि दोनेक वर्षांनी माती बदलायला म्हणून कोंब फुटायच्या आधी एकदा काढा, मुळ्या न सुकवता त्याच दिवशी परत लावा. लावताना कंदाच्या उंचीच्या दोन ते तीन पट माती वर येऊ द्या कारण कंदाच्या वर दांड्यालाही मुळ्या फुटतात. आणि आधाराची काठी तेव्हाच रोवून ठेवा, विकत आणलेल्या कुंडीतल्या लिलीला बऱ्याचदा बुटकं ठेवायचं औषध दिलेलं असतं, पुढच्या वर्षी त्याचा असर गेला की तीच लिली चांगली उंच होते, आणि नंतर काठी खुपसायला गेलं की ती कंदातच जायची भीती असते.