कोरलड्रॉवाल्याने वेबसाइट शिकायला घेतली : वापरानंतरचा अनुभव

उदगीरला माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, वाढदिवसाचे फ्लेक्स, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, असली कामं. कोरलड्रॉ (डिझाइनचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपी (मराठी फॉन्टचं) यांवर हात बसलेला. गेल्या पावसाळ्यापासून शटर ओढल्यावर रात्री वेबसाइट बनवायला शिकतोय. त्यासाठी चार गोष्टी वापरल्या: फ्रीकोडकॅम्पचा ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ अभ्यासक्रम, कोड लिहायला व्हीएस कोड, अडलं की बघायला एमडीएन हा संदर्भकोश आणि तयार पान नेटवर ठेवायला गिटहब पेजेस. चारही फुकट आहेत. नवशिक्यांसाठीचे बहुतेक व्हिडिओ इंजिनिअरिंगच्या पोरांना समोर ठेवून केलेले असतात. छपाईतून आलेला माणूस कुठं अडतो ते त्यात सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

निकाल आधीच सांगतो. साधनं एक नंबर आहेत. पण मराठी पान नीट दिसायला जे लागतं, ते या चौघांपैकी कुणीच ताटात वाढून देत नाही. ते वेचून गोळा करावं लागतं.

क्लासचं विचाराल तर चौकशी केली होती. जवळच्या एका क्लासमध्ये ‘वेब डिझायनिंग’ म्हणून जे शिकवतात ते म्हणजे तयार टेम्प्लेट उघडायचं, फोटो ओढून टाकायचा, नाव बदलायचं. फी मात्र दणदणीत. एवढंच करायचं तर पत्रिकेचा जुना साचा उघडून नवरा-नवरीची नावं बदलायला आपण काय वाईट आहोत!

मी केला त्या आवृत्तीत फ्रीकोडकॅम्पची पद्धत अशी. पडद्यावर एका बाजूला सूचना, मधे कोड लिहायची जागा, दुसऱ्या बाजूला त्याचं दिसणारं रूप. पहिलाच सराव मांजरांच्या फोटोंच्या पानाचा. एका पायरीला एखादीच ओळ लिहायची, तपासून घ्यायची, पुढं जायचं. चुकलं तर काय राहिलं ते इशाऱ्यानं सांगतात. पंचेचाळिशीत नव्यानं शिकणाऱ्याला ही गती मानवते. पायऱ्या इतक्या बारीक असतात की न समजताही माणूस पुढं सरकतो, हा तिचा दुसरा भाग. खरं शिकणं होतं ते शेवटच्या पाच प्रकल्पांत: सर्व्हे फॉर्म, कुणा थोर व्यक्तीवरचं पान, तांत्रिक माहितीचं पान, एखाद्या मालाचं पान आणि स्वतःच्या कामांचं पान. तिथं बोट धरायला कुणी नसतं, फक्त काय काय असायला हवं त्याची यादी दिलेली असते. ज्यांना सराव पटपट संपवून सर्टिफिकेट भिंतीला लावायचंय त्यांची गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी वेळ राखून ठेवायचा तो या पाचांसाठी. इंग्रजी लागतं, पण दहावीपुरतं पुरतं. ‘पॅडिंग’, ‘मार्जिन’, ‘बॉर्डर’ तर आपण रोज बोलतो.

आता कागदाचं दुखणं. डीटीपीवाला पहिल्यांदा विचारतो, “साइज काय?” ए-४, पाच बाय सात, दहा बाय वीसचा फ्लेक्स. साइज ठरल्याशिवाय माउस हलत नाही. वेबपानाला साइजच नाही. कुणाच्या हातातल्या फोनची रुंदी ३६० पिक्सेल, कुणाची ४१२, कुणी लॅपटॉपवर बघणार, कुणी अक्षर दुप्पट मोठं करून. छपाईतल्या ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपके) इथं काही संबंध नाही, फोटो किती पिक्सेलांचा आहे एवढंच बघायचं. छपाईच्या शाईचं सीएमवायके विसरायचं, रंग पडद्याच्या आरजीबीत. हे सगळं वाचून कळतं, पण हात ऐकत नाहीत. ठोकळा नेमक्या जागेवर खिळवून ठेवायची खोड जायला बरेच महिने जातात आणि कोड शिकण्यापेक्षा मला हेच अवघड गेलं.

त्यात व्ह्यूपोर्ट नावाची एक ओळ पानाच्या डोक्यात लागते. ती नसली की फोन समजतो, पान मोठ्या पडद्याचं आहे. मग साधारण ९८० पिक्सेल रुंदीचं धरून सगळं आक्रसून दाखवतो, अक्षरं मुंगीएवढी. दुसरी गोष्ट बॉक्स-सायझिंगची. ठोकळ्याला रुंदी दिली आणि वर आत पॅडिंग (कडेची मोकळी जागा) दिलं, तर मुळात ब्राउझर ते पॅडिंग रुंदीच्या बाहेर धरतो आणि ठोकळा फुगतो. ‘बॉर्डर-बॉक्स’ लिहिलं की पॅडिंग रुंदीतच मोजलं जातं, म्हणजे आपल्या चौकटीच्या हिशोबाशी जुळतं. छपाईवाल्यानं ही ओळ पहिल्या दिवशीच लिहून घ्यावी.

फ्लेक्सबॉक्सची (ठोकळे रांगेत मांडायच्या पद्धतीची) भीती घालतात, पण ती पंगत आहे. पानं कुठल्या दिशेनं मांडायची, दोघांत अंतर किती, जागा संपली की उरलेल्यांनी दुसऱ्या रांगेत बसायचं का, एवढेच प्रश्न. ग्रिड (उभ्या-आडव्या चौकटींत मांडणी) मात्र आपल्याला घरचंच वाटतं, कारण अहवालाचे कॉलम आखण्यात आयुष्य गेलंय.

मराठीबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात कमी माहिती तिथंच मिळते.

दुकानातला पंधरा-वीस वर्षांचा मजकूर श्रीलिपीत. हे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवतात. समोरच्याकडं तो फॉन्ट नसला की सगळा कचरा दिसतो आणि गूगललाही तो कचराच दिसतो. वेबसाइटला युनिकोड पाहिजेच, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक. जुना मजकूर त्यात बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवलेली असते. रफार उलटा: जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. म्हणून एकाच जोडाक्षरावर दोन्ही आले की कन्व्हर्टरची दांडी उडायची शक्यता जास्त. ‘पौर्णिमा’ हा चांगला नमुना आहे. बदललेल्या मजकुरात आधी असलेच शब्द शोधायचे, ‘सर्टिफिकेट’, ‘आर्थिक’, ‘वार्षिक’. ते नीट असले तर बाकीचं बहुतेक नीट असतं.

व्हीएस कोडमध्ये उद्गारचिन्ह टाइप करून टॅब दाबलं की पानाचा सांगाडा आपोआप उमटतो. झकास सोय. पण त्यात भाषेच्या जागी ‘ईएन’ म्हणजे इंग्रजी असतं. तिथं ‘एमआर’ करायचं. वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरं त्यावरूनच उच्चार ठरवतात, आणि ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात तिथं ते ‘एमआर’ लिहिल्यावरच दिसतात. नाहीतर हिंदी वळणाचे येतात. गिऱ्हाइकाला फरक सांगता येत नाही, पण ‘काहीतरी वेगळं दिसायलंय’ एवढं तो म्हणतोच.

फॉन्टमध्ये मी मुक्तावर स्थिरावलो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेनं केलेला आहे, सात वजनांत (जाडीच्या पायऱ्यांत) मिळतो, बारीक आकारात स्वच्छ वाचता येतो. ‘टिरो देवनागरी मराठी’ या फॉन्टचं वळण फार देखणं, पुस्तकी, ल आणि श आपलेच. पण त्यात ठळक अक्षर नाही. मथळ्याला ठळक मागितलं की ब्राउझर स्वतःच अक्षर जाड करून फासतो आणि ते सुजल्यासारखं दिसतं. म्हणून मजकूर टिरोत, मथळे मुक्तात. फॉन्टची जितकी वजनं घ्याल तितका डेटा वाढतो, कारण जोडाक्षरांमुळं देवनागरीची फाइल इंग्रजीपेक्षा जड असते. दोन वजनं पुष्कळ झाली.

बाकी तीन गोष्टी पटकन. अक्षरांमधलं अंतर वाढवायची आज्ञा देवनागरीला लावू नका, शिरोरेघ तुटते. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये मथळ्यांना ती सर्रास लावलेली असते, शोधून काढून टाका. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापानं ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. मी अक्षराच्या १.७ पट ठेवतो. आणि दोन्ही कडा सरळ करायचा मोह आवरा. अहवालात ते शोभतं, पण फोनच्या अरुंद पडद्यावर ‘ग्रामपंचायतीमार्फत’सारखा एक शब्द अख्खी ओळ विस्कटतो, मधे भगदाडं पडतात. डावीकडून सरळ ठेवलेलं बरं.

शिकलेलं कशावर तरी लावायचं म्हणून मामांच्या देवणी जनावरांची वेबसाइट केली. देवणी म्हणजे आमच्या लातूर जिल्ह्यातलीच जात, दुधाला आणि औताला दोन्हीला चालणारी. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात ज्यांनी या बैलजोड्या पाहिल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. पानाचा मुख्य भाग म्हणजे तीन पोटप्रकारांची तीन कार्डं: वानेरा, म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या, बालंक्या, सगळा पांढरा, शेवेरा, पांढऱ्यावर काळे वेडेवाकडे ठिपके. ग्रिडला एवढंच सांगितलं की कार्ड २५० पिक्सेलपेक्षा अरुंद होऊ देऊ नकोस, बसतील तेवढी शेजारी बसव. लॅपटॉपवर तिन्ही एका रांगेत, फोनवर एकाखाली एक. मी काहीही न हलवता.

फोटोंचा खेळ रंगला. मी तिन्ही फोटो एकसारख्या आडव्या चौकटीत कापून बसवले. मामांनी फोन हातात घेतला आणि म्हणाले, “अरे, वळूची वशिंड कुठाय? आन् शेपूट कापलीस व्हय? असा वळू कोण घेईल?” गिऱ्हाईक जनावर बघतं ते वशिंडापासून खुरापर्यंत, पाठ सरळ आहे का, पाय कसे आहेत. फोटो चौकटीत कसा बसवायचा ते सांगणाऱ्या ‘ऑब्जेक्ट-फिट’ला ‘कव्हर’ दिलं की चौकट भरते पण कडा कापल्या जातात. ‘कंटेन’ दिलं की अख्खं जनावर दिसतं आणि उरलेली जागा रिकामी राहते. डिझाइनच्या पुस्तकात पहिलं छान दिसतं. मामांचं म्हणणं बरोबर, म्हणून दुसरं ठेवलं आणि रिकाम्या जागेला मातीसारखा फिकट रंग दिला. फोनमधून काढलेले मूळ फोटो चार-चार एमबीचे होते. स्क्वूश नावाच्या ब्राउझरमध्येच चालणाऱ्या साधनातून वेबपी (फोटोचा हलका प्रकार) करून घेतले, रुंदी १२०० पिक्सेलवर आणली, ते दीड-दोनशे केबीत आले. गोठ्यावर नेट रांगतच येतं, तिथं हा फरक डोळ्यांना दिसतो.

गिटहब पेजेस ठीकच नाही, उत्तम आहे, फक्त त्याची मर्यादा माहीत असावी. ते तयार फाइली जशाच्या तशा दाखवतं, मागे डेटाबेस किंवा पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा) चालवत नाही. चौकशीचा फॉर्म भरून घ्यायचा तर बाहेरची सेवा जोडावी लागते. जनावराच्या गिऱ्हाइकाला फॉर्म नकोच असतो. नंबरावर बोट ठेवलं की फोन लागतो अशी लिंक आणि व्हॉट्सॲपची लिंक, दोन्ही साध्या एचटीएमएलमध्ये (पानाचा मजकूर मांडायच्या भाषेत) होतात. साइटचं आकारमान १ जीबीच्या आत ठेवायचं असतं, आपल्याला ते आयुष्यभर पुरेल. एक सापळा मात्र सगळ्या विंडोजवाल्यांसाठी आहे. फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल विंडोज एकच धरतं, गिटहबचा सर्व्हर वेगळं धरतो. दुकानातल्या कॉम्प्युटरवर दिसणारा फोटो नेटवर गायब झाला तर आधी जेपीजी कुठल्या अक्षरांत लिहिलंय ते बघा. सगळी नावं स्मॉलमध्ये, मधे जागा न सोडता, मराठीत तर नाहीच, हा नियम केला की प्रश्न मिटतो.

एमडीएनबद्दल थोडक्यात: मोझिलाचा संदर्भकोश आहे, शिकायला कोरडा, अडल्यावर देवासारखा. व्हीएस कोडची ‘लाइव्ह सर्व्हर’ ही जोडणी टाकून घ्या. फाइल सेव्ह केली की शेजारच्या ब्राउझरमध्ये पान लगेच बदलतं, आणि हे नेट नसतानाही चालतं. लाइट गेल्यावर लॅपटॉपच्या बॅटरीवर बरंच काम याच्या जिवावर झालंय. ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून दुसऱ्यांच्या पानांमागचा कोड उघडून बघायची सवयही लावा. दुसऱ्याची पत्रिका बघून बॉर्डर कशी केलीय ते ताडणाऱ्याला ते शिकवावं लागणार नाही.

एआयला विचारून अख्खं पान मिनिटात मिळतं, मीही घेऊन बघितलं. पान सुरेख होतं. पण शिरोरेघ तुटली की ती कुठल्या ओळीमुळं तुटली हे शोधायला सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी भाषा) यावंच लागतं.

हे कुणी घ्यावं? डीटीपी, फ्लेक्स, फोटो स्टुडिओवाल्यांनी बिनधास्त. रंग, अंतर, अक्षर यांची नजर तुमच्याकडं आहेच आणि ती कोडवाल्या पोरांना शिकायला वर्षं लागतात. ज्यांना पुढच्या महिन्यात दुकानाची ऑनलाइन विक्री चालू करायचीय त्यांनी या वाटेला जाऊ नये. त्यांनी वर्डप्रेससारखं तयार काही घ्यावं. पानात हालचाल आणणारं जावास्क्रिप्ट मी अजून वरवरच पाहिलंय, मेनू उघडणं-मिटणं यापुढं गेलो नाही, त्यामुळं त्याबद्दल माझं मत धरू नका.

स्वतःचं डोमेन (साइटचा पत्ता) घेणार असाल तर पहिल्या वर्षाचा स्वस्त भाव बघून भुलू नका, नूतनीकरणाचा भाव आधी वाचा. आणि गिऱ्हाइकासाठी घेत असाल तर त्याच्याच नावानं, त्याच्याच ईमेलवर घ्या. गावात काम करायचंय, उद्या पासवर्डवरून भांडण नको.

मामांची आता नवी मागणी आली आहे. बिदर, भालकीकडचे लोक देवणी घ्यायला येतात, तर त्यांच्यासाठी कन्नडचं पान पाहिजे. मजकूर भालकीचे एक पाव्हणे तपासून देणार आहेत. भाषेच्या जागी ‘केएन’ आणि फॉन्ट नोटो सान्स कन्नड, एवढं ठरलंय. पण कन्नडची जोडाक्षरं अक्षराखाली लटकतात, त्यामुळं १.७ सुद्धा कमी पडायला लागलंय.